निर्व्यसनी पित्ताशय

डॉ. तरलिका वसावडा हिच्या हातून आयुष्यात फार मोठ्या चुका झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्या सगळ्या बैठकीत तोंड उघडल्यामुळे झाल्या. अहमदाबादच्या त्या नव्या मेडिकल कॉलेजात शरीररचना विभागाची बैठक चालू होती. छतावरचा पंखा एका टेबलावरची गरम हवा दुसऱ्या टेबलावर ढकलत होता, चहा येऊन गेला होता, आणि आणखी थोडा वेळ ती गप्प बसली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

विषय होता स्लाइडींचा. माणसाच्या शरीराचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चिकटवायचे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना मायक्रोस्कोपखाली दाखवायचे. हे यकृत, ही त्वचा, ही जीभ, पेशींची ही अशी रांग, ऊतीचा हा असा पोत. डॉक्टरकीच्या शिक्षणाचा तो श्रीगणेशाच. पण कॉलेजला कुठूनशा लिलावात मिळालेला स्लाइडींचा संच इतका जुना झाला होता की त्यातला गुलाबी रंग उडून सगळे अवयव धुऊन धुऊन विटलेल्या मलमलीसारखे एकसारखे दिसत. मुलांनी त्यावर आपला उपाय शोधला होता. कोपरा तुटला आहे ते मूत्रपिंड, शाईचा डाग पडलाय ती जीभ, आणि काच तडकली आहे ती अन्ननलिका. गेल्या परीक्षेत तर एका मुलानं नळीला डोळाही न लावता, लांबूनच, "नमस्कार साहेब, मूत्रपिंड," असं उत्तर दिलं होतं.

"नवा संच परदेशातून मागवायचा तर परकीय चलनाची परवानगी लागते," विभागप्रमुख डॉ. हाथी म्हणाले. नाव हाथी असलं तरी माणूस काडीसारखा होता. "ती येईपर्यंत आत्ताची मुलं निवृत्त होतील."

"राहू दे साहेब," डॉ. त्रिवेदी म्हणाले. मायक्रोस्कोपचा अभ्यासक्रम तेच शिकवत. "नजरेला सवय झाली आहे आता."

आणि तरलिका बोलली, "आपणच करू या ना स्लाइडी. त्यात काय आहे एवढं?"

'त्यात काय आहे एवढं' या शब्दांनी जगात जेवढी घरं, जेवणावळी आणि लग्नं बिघडली आहेत तेवढी दुष्काळानं बिघडली नसतील. डॉ. हाथींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"करा," ते म्हणाले. "जुलैत नवीन मुलं येतील. त्यांना ऊतींची ओळख करून देणारा पहिला वर्ग असतो. तोवर एक जरी चांगली स्लाइड तुम्ही केलीत, तर तो वर्ग तुमचा आणि पुढचा सगळा अभ्यासक्रमही तुमचा. नाही झाली, तर त्रिवेदी आहेतच. तुम्ही हाडं सांभाळा."

हाडं! नोकरीला लागल्यापासून तरलिका सकाळी मुलांना हाडं वाटायची आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायची. एम.बी.बी.एस.ला सुवर्णपदक मिळवलेली बाई, पण कॉलेजात शिपायापासून सगळे तिला 'हाडांच्या बेन' म्हणत. एकदा भर बाजारात एका विद्यार्थ्यानं "बेन, मांडीचं हाड घरी राहिलंय, उद्या आणतो," असं ओरडून सांगितलं होतं, आणि ज्याच्याकडून ती भेंडी घेत होती त्यानं घाईघाईनं पिशवी तिच्या हातात देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं होतं. तेव्हा ही एक स्लाइड म्हणजे तिला नुसती काच नव्हती, हाडांतून सुटका होती.

आता ऊती हवी. ताजी, स्वच्छ, माणसाची. ती तिच्या पोळीतच, म्हणजे जुन्या शहरातल्या तिच्या राहत्या गल्लीतच, समोरच्या घरात होती, किंवा आठवड्यापूर्वीपर्यंत तरी होती.

वाडीलाल कोठारी, म्हणजे अख्ख्या लिंबडा पोळीचे वाडीकाका, यांचं पित्ताशय नुकतंच कॉलेजच्या इस्पितळात काढलं होतं. वाडीकाका खादीधारी. तरुणपणी ते दारूच्या दुकानांपुढे आडवे पडलेले, त्यापायी तुरुंगात जाऊन आलेले, आणि राज्यात दारूबंदी पक्की झाल्यावर नशाबंदी मंडळात बसून ती आणखी पक्की करत असलेले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर ते भिंग लावून वाचत, आणि त्यात अल्कोहोलचा अंश दिसला तर रात्रभर खोकत बसत, पण औषध घेत नसत.

तरलिका गेली तेव्हा ते ओट्यावर उशीला टेकून बसले होते आणि पित्ताशयातले खडे एका बाटलीत घालून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

"काका, पित्ताशयाचा एक तुकडा मुलांना शिकवण्यासाठी वापरला तर चालेल?"

वाडीकाकांनी बाटली खाली ठेवली. डोळे भरून आले.

"बेटा, माझ्या पोटातलं देशाच्या कामी येणार?"

"येणार, काका."

"मग घ्या. सगळं घ्या. त्यावर नाव लिहाल ना माझं?"

"नाव नसतं लिहीत, काका."

"नुसतं आडनाव?"

"आडनावही नाही."

"बरं, बरं. गुप्तदान," असं म्हणून वाडीकाकांनी ही गुप्त गोष्ट संध्याकाळपर्यंत पोळीतल्या प्रत्येक घराला सांगितली. शेजारच्या इच्छाबेननी लगेच आपल्या टॉन्सिल्सची चौकशी केली. त्या त्यांच्या लहानपणी काढल्या होत्या, पण सरकारी इस्पितळ म्हटल्यावर कुठेतरी ठेवल्या असतीलच, असं त्यांचं मत होतं.

पॅथॉलॉजीवाल्यांनी आपल्यापुरतं ठेवून घेऊन नखाएवढा एक तुकडा फॉर्मेलीनच्या लहान बाटलीत घालून दिला. वर चिठ्ठी डकवलेली: 'पित्ताशय'. फॉर्मेलीनमध्ये गेलं की शरीरातलं सगळंच शिळ्या खाखऱ्याच्या रंगाचं दिसतं. तरलिकेनं बाटली उजेडात धरून पाहिली आणि तिला तो तुकडा विलक्षण सुंदर वाटला.

पुढची पायरी पाणी काढण्याची. तुकड्यातलं पाणी गेल्याशिवाय त्यात मेण शिरत नाही, आणि मेण शिरल्याशिवाय काप निघत नाहीत. त्यासाठी तुकडा आधी पातळ अल्कोहोलमध्ये बुडवायचा, मग जरा कडक, मग आणखी कडक, आणि शेवटी निव्वळ. जगभर असंच करतात. जगभर अल्कोहोलची बाटली फडताळात असते. अहमदाबादेत ती नशाबंदी खात्याच्या परवानगीनं असते, आणि कॉलेज नवं असल्यामुळे ती परवानगी अजून कुठल्याशा टेबलावर पिकत पडली होती.

नशाबंदी कचेरीत रावळ नावाचे इन्स्पेक्टर होते. फार सज्जन गृहस्थ. सज्जन सरकारी माणसापुढे कोणाचंच काही चालत नाही. उर्मट असला तर निदान भांडता तरी येतं.

"बसा, बेन," रावळ हळुवारपणे म्हणाले. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"संकोच करू नका. इथे मोठमोठ्या घरची माणसं येतात."

"मला प्यायला नको आहे हो! मी मेडिकल कॉलेजात आहे. पित्ताशयासाठी हवी आहे."

"पित्ताशयाचा विकार असेल तर दारू वर्ज्य असते ना, बेन? तुम्ही तर डॉक्टर."

"विकार होता. आता पित्ताशय काढलं."

"तुमचं?"

"शेजाऱ्यांचं."

रावळनी लेखणी खाली ठेवली आणि तिच्याकडे आदरानं पाहिलं. "म्हणजे हवी आहे शेजाऱ्यांना, आणि त्यांना यायला लाज वाटते म्हणून तुम्ही आलात. असा शेजार आजकाल मिळत नाही."

"शेजारी थेंबालाही शिवत नाहीत. त्यांचं पित्ताशय भिजवायचं आहे. माझ्याकडे बाटलीत आहे ते."

"समजलं," रावळ म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही समजलं नसल्याचं स्वच्छ दिसत होतं. "संस्थांसाठी वेगळा अर्ज असतो, पण तो संपलाय. छापायला गेलाय. आपण व्यक्तीच्या अर्जावर भागवू. अर्जदार तुम्ही. आता, घेणाऱ्याचं नाव?"

"कोण घेणार?"

"हेच विचारतोय. द्रव्य शेवटी जाणार कोणाच्या पोटात?"

"पोटात नाही. पित्ताशयात."

"मग पित्ताशयाचं नाव सांगा."

आणि त्या क्षणी, सुवर्णपदक मिळवलेल्या डॉ. तरलिका वसावडानं, कुठल्याही शाळकरी पोरीला शोभावा अशा प्रामाणिकपणानं सांगितलं, "वाडीलाल कोठारी."

नियमाप्रमाणे रावळ चौकशीला पोळीत आले. रविवार होता. घराघरांत फाफडा आणि कढीचा वास सुटला होता, आणि त्यामुळे साक्षीदार सगळे घरीच होते. तरलिकेची सासू, बा, झोपाळ्यावर सुपारी कातरत बसल्या होत्या. तरलिका न्हाणीघरात केस धूत होती. तिचा नवरा पिनाकीन मिलमध्ये रंगखात्यावर होता आणि रविवारी त्याच्या तोंडातून शब्द काढायला सणच यावा लागे.

रावळनी आधी इच्छाबेनना विचारलं, "या बेनच्या वागण्यात तुम्हाला काही वेगळं जाणवलं?"

"वेगळं म्हणजे," इच्छाबेन म्हणाल्या, "संध्याकाळी येते ना घरी, तेव्हा डोळे लाल असतात. दाराशी आली की उग्र वास येतो. पण स्वभावानं फार चांगली हं! कधी कोणाशी भांडण नाही, पडणंबिडणं नाही."

रावळनी लिहून घेतलं. मग बांकडे वळले.

"लग्न होऊन आली तेव्हा असं नव्हतं," बा म्हणाल्या. "नोकरी लागली आणि सुरू झालं. मी काही बोलत नाही. आधी न्हाणीघरात पाठवते, मग स्वयंपाकघरात येऊ देते."

"रोजच?"

"रविवार सोडून."

"रविवारी नाही. म्हणजे अजून ताबा आहे स्वतःवर," रावळना मनापासून आनंद झाला.

ओल्या केसांनी तरलिका बाहेर धावली. "अहो, तो फॉर्मेलीनचा वास आहे! त्यानंच डोळे झोंबतात!"

"ब्रँड कोणता का असेना, बेन," रावळ समजुतीनं म्हणाले, आणि पिनाकीनकडे पाहून विचारलं, "तुम्हीही?"

"मी फक्त चहा," पिनाकीन म्हणाला. त्या दिवशी तो तेवढंच बोलला.

परवाना आला तेव्हा घरी कोणी नव्हतं, म्हणून शिपायानं तो इच्छाबेनकडे दिला, आणि इच्छाबेननी तो उघडा होता म्हणून वाचला. डॉ. तरलिका वसावडा यांस प्रकृतीच्या कारणास्तव दरमहा ब्रँडी बाळगण्याची मुभा. ब्रँडी! तरलिकेला तुकड्यातलं पाणी काढायचं होतं आणि ब्रँडीत निम्म्याहून जास्त पाणीच. शास्त्राच्या दृष्टीनं तो कागद निरुपयोगी होता. बाकी सगळ्या दृष्टींनी मात्र तो फार उपयोगी ठरला. गल्लीतले जे गृहस्थ तिच्याकडे पाहून मान वळवत ते आता हसून "कसं काय, बेन?" विचारू लागले. लग्नातही न आलेले पिनाकीनचे एक लांबचे मामा मोहनथाळचा डबा घेऊन आले, जेवायच्या वेळेपर्यंत बसले, आणि जाताना दारात आवाज खाली आणून म्हणाले, "वहू, मला पण कधीकधी प्रकृतीचं कारण असतं."

आणि मग वाडीकाका आले. टाके अजून ओले होते, एक हात पोटावर होता, दुसऱ्या हातात काठी.

"तरलिकाबेन! बाहेर या! माझ्या नावावर दारू?"

मंडळाच्या बैठकीत रावळनी त्यांना बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, फार प्रेमानं विचारलं होतं, की काका, एवढ्या कठीण आजारानंतर माणूस खचतो, पण तुम्हीसुद्धा?

तरलिकेनं त्यांना झोपाळ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं समजावून सांगितलं. समजावून सांगणं हा तिचा दुसरा दोष.

"म्हणजे माझ्या पित्ताशयाला पाजणार?"

"बुडवणार, काका."

"एकदम?"

"नाही, नाही. आधी अगदी पातळ. मग जरा कडक. मग आणखी कडक. आणि शेवटी निव्वळ."

वाडीकाका ताडकन उठले आणि टाके दुखून पुन्हा बसले. "अरे बेटा, माणूस दारुडा होतो तो असाच होतो! आयुष्यभर हेच तर सांगत आलो लोकांना! पातळवरून निव्वळवर! या पोटात उभ्या जन्मात थेंब गेला नाही, आणि आता म्हातारपणी, माझ्या माघारी..."

"वाडीभाई," बा मधेच म्हणाल्या. त्यांचा अडकित्ता चालूच होता. "एवढ्या पुण्यवान पोटात राहून त्या पित्ताशयानं काय दिवे लावले? खडेच केले ना? तुम्हाला गडाबडा लोळवलं, घरच्यांची झोप उडवली. त्याचा एवढा कळवळा कशाला?"

वाडीकाका काठी चाचपू लागले. तरलिकेनं ती संधी साधली, किंवा खरं सांगायचं तर साधायचं तिच्या मनातही नव्हतं, पण तिचा आवाजच फुटला.

"काका, स्लाइड झाली नाही तर मी जन्मभर हाडं मोजत बसणार. शिकवायला मिळावं म्हणून शिकले मी. एक वर्गसुद्धा नाही मिळालेला अजून."

वाडीकाकांनी पाण्याचा पेला संपवला.

"माझ्या अटी आहेत," ते म्हणाले. "मी स्वतः बाटलीसमोर बसणार. काम झालं की उरलेली माझ्यासमोर मोरीत ओतायची. आणि त्याचं पिणं संपेपर्यंत मी प्रायश्चित्त म्हणून फक्त मुगाच्या पाण्यावर राहणार."

"डॉक्टरांनी तसंही मुगाचं पाणीच सांगितलंय त्यांना," ते गेल्यावर बा म्हणाल्या.

सज्जन सरकारी माणसासमोर त्याहून सज्जन माणूस नेऊन बसवला की काम होतं, हे तरलिका त्या आठवड्यात शिकली. रावळनी कॉलेजच्या नावानं परवानगी काढली, बाटली आली, आणि वाडीकाका प्रयोगशाळेत स्टुलावर बसून टकळीवर सूत कातू लागले. तुकडा एका भांड्यातून दुसऱ्या, जास्त कडक भांड्यात जायचा तेव्हा ते तोंड फिरवत. निव्वळ भांड्याच्या वेळी सूत तुटलं.

मग मेण. तुकडा वितळलेल्या मेणात ठेवून मेण गोठवायचं, त्याची वडी करायची आणि यंत्रावर तिचे काप काढायचे. पण अहमदाबादचा जून! मेण गोठायला तयारच होईना. गोठलं तर यंत्राच्या पात्याखाली लोण्यासारखं पसरायचं. तरलिका कॉलेजच्या फाटकावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणून वडी त्यात पुरायची. गोळेवाल्यानं दोनदा वर सरबतही ओतून दिलं.

काप निघू लागले तेव्हा पंखा बंद करावा लागला, कारण कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप उच्छ्वासानंही उडतात. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला रुमाल, अशा अवस्थेत तरलिका आणि वाडीकाका घामानं निथळत बसले असताना डॉ. त्रिवेदी आत आले आणि सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. पुढचा अर्धा तास तिघंही जमिनीवर रांगत वाडीकाकांचं पित्ताशय शोधत होती. त्यातला एक काप त्रिवेदींच्या चष्म्यावर सापडला. तो काढून घेईपर्यंत त्यांना हलू दिलं नाही.

रंगाचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र तरलिका एकटी उरली नाही. गिरण्यांच्या शहरात रंगाबद्दल ज्याला मत नाही असा माणूस कुठला? इच्छाबेनच्या माहेरी बांधणीचं काम चाले. त्यांनी गुलाबी रंग आधी आणि जांभळा नंतर असं बजावून सांगितलं. वाडीकाका म्हणाले, रंगच कशाला, सफेदच चांगलं. पिनाकीननं सण नसतानाही तोंड उघडून सांगितलं, "तुरटी घाल. रंग धरतो." जांभळ्या रंगाच्या कृतीत तुरटी असतेच, हे त्याला सांगण्याइतका मोठेपणा तरलिकेला त्या दिवशी सुचला नाही.

आणि शेवटी एक स्लाइड तयार झाली. गुलाबीवर जांभळी टिंबं, लाटांसारख्या घड्या, घड्यांच्या काठानं उंच पेशींची रांग. डॉ. हाथींनी नळीला डोळा लावला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "वा! काय सुरेख पित्ताशय आहे!" त्रिवेदी म्हणाले, "घड्या बघा, घड्या!" वाडीकाकांनी पाहिलं तेव्हा टोपी काढून हातात घेतली.

"हे मी?"

"हे तुम्ही, काका."

"निर्मळ आहे," ते पुटपुटले. तरलिकेनंही पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्याच एका कोपऱ्यातल्या त्याच घड्या पाहून डोळे पुसले. आपल्या पहिल्या बाळाच्या नाकाचा आकार कोणी चिकित्सेनं पाहत नाही.

वर्गाचा दिवस उजाडला. पुढच्या बाकावर कडक इस्त्रीच्या खादीत वाडीकाका, मागे डॉ. हाथी आणि त्रिवेदी, मधे नवी कोरी मुलंमुली. तरलिका बोलायला उभी राहिली आणि अनेक वर्षं साठलेलं बोलणं बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. शरीर म्हणजे गिरणीतलं कापडच समजा, ती म्हणाली, पण इथे वीण वाचायला शिकायचं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचू नका, कोणी मोठ्यानं सांगितलं म्हणून मानू नका. पेशी बघा, त्या खोटं बोलत नाहीत. मुलांनी हे वाक्य उतरून घेतलं. गुलाबी आणि जांभळ्या खडूनं तिनं फळ्यावर पित्ताशयाच्या घड्या काढल्या. मग प्रत्यक्ष दाखवण्यासाठी नळीला डोळा लावला आणि जागा नीट लावायला स्लाइड जराशी सरकवली.

तिथे, इतके दिवस ती ज्या बाजूला गेलीच नव्हती तिथे, गर्द जांभळे गोल ढीग होते. मोहरीचे ढीग कोणी शिस्तीत मांडून ठेवावेत तसे. त्यांच्या कडेला परीक्षानळ्यांसारख्या ग्रंथी, आणि त्यांत फुगलेल्या, पांढुरक्या पेशी. पित्ताशयात यांतलं काहीही नसतं. हे सगळं जिथे असतं त्या अवयवाचं नाव ती झोपेतही सांगू शकली असती. तिनं डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. ढीग जागेवर होते.

चिठ्ठी चुकली होती. आणि चिठ्ठी वाचून, इतके दिवस, तिनं घड्या पाहिल्या होत्या.

गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? मुलांना काही येत नव्हतं. मोठ्या साहेबांनी वा म्हटलं होतं. बोललं तर वर्ग गेला, अभ्यासक्रम गेला, उद्या सकाळी पुन्हा हाडं. पुढच्या बाकावर वाडीकाका आपल्या पित्ताशयाच्या कौतुकासाठी हसऱ्या चेहऱ्यानं मान पुढे करून बसले होते.

"तर मुलांनो," ती म्हणाली, "हे पित्ताशय..." आणि तिची नजर खाली गेली. समोरच्या मुलीच्या वहीत मघाचं वाक्य ताज्या शाईत चमकत होतं.

"हे पित्ताशय नाही," तरलिका म्हणाली. "हे अपेंडिक्स आहे."

डॉ. हाथी उठून आले. खूप वेळ पाहिलं. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. मग त्रिवेदी आले, पाहिलं आणि म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"आपण वा म्हणालात ना, साहेब."

डॉ. हाथींनी वर्गाकडे पाहिलं. "मी वा म्हणालो होतो," ते म्हणाले. "यांनीही घड्या मोजल्या. आणि या बेननी आपली नोकरी पणाला लावून आत्ता तुमच्यादेखत सांगितलं, की ते चूक होतं. पहिल्या दिवशी एवढंच शिकलात तरी पुरे." मग तरलिकेकडे वळून, "फळा पुसा, बेन, आणि अपेंडिक्स काढा. तुमच्याच वर्गाला काढून दाखवा. त्रिवेदी, उद्यापासून हाडं तुमच्याकडे."

तरलिकेनं फळा पुसला. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की पुढचा बाक रिकामा आहे.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. म्हाताऱ्या माणसाला भर वर्गात दुखवलं. संध्याकाळी ती घाबरतच पोळीत शिरली, तर ओट्यावर वाडीकाका सुखडीचं ताट घेऊन उभे. येईल त्याच्या हातावर गोड तुकडा ठेवत होते आणि मोठ्यानं सांगत होते, "पिणारं ते माझं नव्हतं! कोणाचं तरी अपेंडिक्स प्यायलं! माझं तिकडे फॉर्मेलीनमध्ये पडलंय, जसं होतं तसं!" वर्गातून ते थेट पॅथॉलॉजीत चौकशीला गेले होते. त्यांच्या ऑपरेशनच्याच दिवशी दुसऱ्या कोणाचं तरी ऑपरेशन होऊन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, तो माणूस टाके काढून सौराष्ट्रात निघूनही गेला होता. वाडीकाकांनी त्याच्यासाठी तुपाचा दिवा लावला होता.

तरलिकेच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण दिवेलागणीनंतर वाडीकाका तिच्या घरी आले तेव्हा त्यांच्यातला मघाचा तो उत्साह नव्हता. बांशेजारी झोपाळ्यावर बसले, सुपारी घेतली, तोंडात टाकली नाही.

"त्या अपेंडिक्सचं चित्र मुलांनी काढलं ना?" त्यांनी विचारलं.

"काढलं, काका. सगळ्यांनी."

"रंगीत?"

"गुलाबी आणि जांभळं."

"परीक्षेला येणार?"

"दरवर्षी येईल आता."

"दरवर्षी," वाडीकाका म्हणाले. "त्यानं आयुष्यात काय केलं असेल, कोण जाणे. आला, टाके काढले, गेला. पिऊन मोकळा झाला. आणि पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर त्याला बघणार." त्यांनी हातातली सुपारी अडकित्त्याशेजारी ठेवली. "माझं मात्र पडून राहणार. कोरडंच. कोणी बघणार नाही."

"बघायचं तर त्यालाही आधी पातळ..." तरलिका बोलता बोलता थांबली.

वाडीकाका उठून दाराशी गेले. समोर इच्छाबेनची खिडकी उघडी होती, तिच्याकडे एकदा पाहून घेतलं आणि दार लोटलं. मग दारूच्या दुकानांपुढे आडवे पडलेले, तुरुंगात जाऊन आलेले वाडीलाल कोठारी तरलिकेजवळ आले.

"पाजा," ते म्हणाले. "पण सावकाश पाजा हं, बेटा. त्याला सवय नाही."